पडून राहिलेली पद्मिनी कमी खर्चात रस्त्यावर कशी आणावी

जुनी गाडी उभी करायची हौस आहे पण खिसा बेताचा आहे, अशा माणसाने महाराष्ट्रात राहून प्रीमियर पद्मिनीच बघावी असं आमचं मत आहे. गाडी इथलीच, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, मधे थोडा काळ प्रेसिडेंट म्हणून विकली गेली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास बंद पडली. एवढ्या वर्षांत तिचं पोट फारसं बदललं नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, एकीचा भाग दुसरीला बसतो आणि डोळे मिटून हिचं इंजिन उतरवणारे मिस्त्री अजून सापडतात. पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ दिसायला कितीही गोड असली तरी तिच्या काचा, दिवे, रबर शोधण्यातच वर्ष जातं. डिझेलवर चालणारी १३७ डी पहिल्या खेपेला घेऊ नये, तिच्या इंजिनाचे भाग मिळवणं हा वेगळा उद्योग आहे. शेवटच्या काळातली फ्लोअर गिअरची एस-१ चालवायला सोपी पडते, स्टिअरिंगवरच्या गिअरची मजा मात्र तिच्यात नाही.

नवशिक्यांचे पैसे इंजिनात बुडतात असा समज आहे. ते बुडतात पत्र्यात आणि कागदांत. इंजिन पूर्ण बसलेलं असलं तरी त्याचा खर्च आधी विचारून घेता येतो. सडलेल्या पत्र्याचा खर्च कुणीच आधी सांगू शकत नाही, कारण रंग खरवडल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून बंद इंजिनाची पण कोरड्या पत्र्याची आणि चोख कागदांची गाडी घ्या. ‘एका सेल्फमध्ये चालू’ पण तळ गेलेली गाडी फुकट मिळाली तरी महाग.

बजेट

एकूण किती पैसे घालायचे ते आधी ठरवा आणि त्यातले एक तृतीयांशच खरेदीला ठेवा. उरलेल्यातला पहिला हप्ता कागदांना. दुसरा ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगला. तिसरा इंजिन, पेट्रोलची लाइन आणि रेडिएटरला. चौथा वायरिंगला. डेंटिंग-पेंटिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात: आधी चकचकीत रंग मारतात, मग इंजिन काढताना तोच रंग ओरबाडतो, आणि ब्रेकपाशी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. हाताशी पंधरा-वीस टक्के रक्कम मोकळी ठेवा, ती लागतेच.

गाडी बघायला जाताना

सोबत कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, उजेडाची बॅटरी (टॉर्च), जाड पेचकस आणि खाली झोपायला पोतं किंवा ताडपत्री न्या. सकाळच्या उजेडात बघा. गाडी धुऊन ओली ठेवली असेल तर वाळेपर्यंत थांबा, ओल्या पत्र्यावर सगळेच रंग छान दिसतात.

गाडी कुठे उभी होती हा पहिला प्रश्न. मुंबई, कोकण, गोव्याची खारी हवा पत्रा आतून खाते. सोलापूर, नगर, संभाजीनगर या कोरड्या पट्ट्यात शेडखाली दहा वर्षं उभी राहिलेली गाडी किनाऱ्यावर रोज वापरात असलेल्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. उघड्यावर झाडाखाली उभी असेल तर मात्र पाला कुजून पाणी धरून बसतो, मग कोरडा जिल्हाही उपयोगाचा नाही.

पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालच्या सिल म्हणजे नुसत्या दिखाऊ पट्ट्या नव्हेत, गाडीचा कणा तिथे आहे. पोतं टाकून आडवे व्हा आणि सिलच्या खालच्या कडेने पेचकसाची मूठ ठोकत जा. घट्ट ‘टण्’ आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे टोक दाबून बघा. रुतलं तर आत फक्त गंज आणि पुट्टी आहे. जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांची टोकं जिथे बॉडीला बसतात तो भाग आणि पुढच्या सस्पेन्शनच्या बैठका या तीन ठिकाणी पत्रा सडला असेल तर गाडी सोडून द्या. तिथलं वेल्डिंग जिगवर, म्हणजे पक्क्या मापाच्या चौकटीवर, माप धरून करावं लागतं, कोपऱ्यावरच्या वेल्डरचं ते काम नाही.

बाकीच्या जागा दुरुस्त होतात पण भाव पाडायला उपयोगी: हेडलाइटच्या मागचं मडगार्ड, दारांची खालची कड, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड. गाडीतली मॅट उचला, मॅटखालचा जूट ओला लागला तर फ्लोअर गेलेलं समजा. चुंबक दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी असतेच, पण तळहाताएवढा भाग धरत नसेल तर खाली भोक असणार.

टॅक्सी ओळखायला शिका. मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावलेल्या हजारो पद्मिनी होत्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. त्यातल्या काही खाजगी रंगात विकायला येतात. पुढच्या डाव्या मडगार्डवर, काचेच्या खांबाजवळ, मीटर बसवल्याची बुजवलेली भोकं बघा. दारांच्या बिजागऱ्यांमागे, सीटखाली, डॅशबोर्डच्या पोटात पिवळा किंवा काळा रंग बघा. वरून रंगवणारा तिथे सहसा पोचत नाही. डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा आणि छतावर कॅरियरचे दबलेले डाग बघा. टॅक्सी घेऊच नये असं नाही. पण ती लाखो किलोमीटर धावलेली असते, आणि परवान्याची गाडी खाजगी नोंदणीवर रीतसर आलेली आहे का हे आरसी बुकात दिसलं पाहिजे. तसं दिसत नसेल तर ती फक्त सुट्या भागांसाठी घ्या.

शेवटी इंजिन. ऑइलचं झाकण उघडा. झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेलं आहे किंवा हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा आहे. हिचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकतं. हेड सरळ करून मिळतं, त्याला घाबरू नका, पण तेवढे पैसे भावातून कमी करा.

कागद

पैसे द्यायच्या आधी, टोकन देण्याच्याही आधी, हे सगळं पुरं करा.

चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. आरटीओतही हा पेन्सिल प्रिंट लागतो. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ती नोंद करून देणं विकणाऱ्याचं काम. ‘नंतर होतं’ या शब्दावर जाऊ नका.

गाडी सरकारच्या ‘परिवहन’ वेबसाइटवर दिसते का बघा. १९८९ पूर्वीच्या जुन्या अक्षरांच्या नंबरांची हाताने लिहिलेली पुस्तकं असतात आणि बऱ्याच गाड्यांची माहिती संगणकात चढलेलीच नसते. अशी गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथेच आधी तिची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. त्याशिवाय नावबदल, नूतनीकरण काहीच पुढे सरकत नाही. मूळ आरटीओ लांबच्या जिल्ह्यात असेल तर त्या फेऱ्यांचा खर्च आणि वेळ धरा.

खाजगी कारची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण. खरा खड्डा इथे आहे. १५ वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० रुपये करण्यात आली. त्याशिवाय उशिरासाठी दरमहा ५०० रुपये आहेत. आठ वर्षं नोंदणी संपलेली असेल तर ५०० गुणिले ९६ महिने म्हणजे ४८,००० रुपये नुसते उशिराचे. वर पर्यावरण कर, आणि जुना रोड टॅक्स राहिला असेल तर तोही. हा हिशेब आरटीओत जाऊन गाडीच्या नंबरावर काढून घ्या आणि मग भाव बोला. ‘गाडी तीस हजारांत मिळाली’ म्हणून खुश झालेला माणूस इथेच अडकतो.

नावबदलाला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत किंवा राज्यात न्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मूळ मालक वारलेले असतील, आणि पडीक गाड्यांत हे नेहमीचंच, तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढली पाहिजे, मगच तुमच्या. वारस चार असतील तर चौघांचं संमतीपत्र. एका मुलाने व्यवहार करून पैसे घेतले आणि दुसऱ्याने सही नाकारली तर गाडी तुमच्या अंगणात आणि नाव त्यांचं, अशी अवस्था होते. आरसी हरवलेली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मालकानेच काढायची. बँकेचा बोजा आरसीवर दिसत असेल, मग तो १९८५ सालचा का असेना, तर बँकेचा दाखला लागतो. नोंदणी रद्द झालेली, भंगारात काढल्याची नोंद असलेली गाडी घेऊ नका.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे: फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. ती मोहात पाडते, पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

गाडी घरी आणणं

दोरीने ओढून आणू नका. ब्रेक नसलेली गाडी दोरीवर उतारात पुढच्या गाडीत घुसते. सपाट टपाचा टेम्पो किंवा क्रेन करा. चाकं जॅम असतील तर बहुतेक वेळा ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ॲडजस्टर ढिले करून ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोका, सुटतात. उघड्या ड्रमवर थेट घण घातला तर ड्रमला तडा जातो, आणि चांगला ड्रम शोधावा लागतो.

घरी आल्यावर गाडी चार स्टँडवर घ्या. विटांवर कधीच नाही, वीट सांगून फुटत नाही. एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचं तोंड तपासा, उंदरांची घरटी तिथे हमखास असतात. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, बोल्ट लहान पिशव्यांत घालून वर चिठ्ठी लावा.

इंजिन जागं करणं

इथे घाई केली तर शंभर रुपयांचं काम पन्नास हजारांचं होतं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची कड धरते आणि रिंगा तिला चिकटतात. बॅटरी लावून थेट सेल्फ मारला की रिंग तुटते, तुटलेली रिंग बोअर ओरबाडते.

चारही प्लग काढा. कोणता प्लग कुठला ते लक्षात ठेवा, प्लगचा रंग त्या सिलिंडरची हकिगत सांगतो. काळा आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले, काळा पण कोरडा असेल तर मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी), गंजलेला असेल तर पाणी आत गेलंय. प्रत्येक भोकातून दोन चमचे पातळ ऑइल सोडा. अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अर्धं ॲसिटोन हे मिश्रण अडकलेल्या इंजिनाला जास्त चांगलं मुरतं. ॲसिटोन लगेच पेट घेतं, जवळ बिडी-सिगारेट नको. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं घाला.

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि हाताने हलवा. थोडं पुढे, थोडं मागे. जोर लावून एकाच दिशेला ओढू नका. इंचभर हललं की जिंकलात, पुन्हा तेल, पुन्हा थोडं. आठवडाभरानेही हललं नाही तर हेड उतरवा. हेड उतरवावं लागलंच तर व्हॉल्व्ह बसवून, हेडचा पृष्ठभाग तपासून, व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट कठीण धातूच्या घालून घ्या. देशात २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि मऊ सीट शिशाविना लवकर झिजतात.

इंजिन फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० दर्जाचं साधं मिनरल ऑइल भरा. तीन-साडेतीन लिटर लागतं. एकदम ओतू नका, डिपस्टिक बघत भरा. पातळ सिंथेटिक ऑइल या इंजिनाच्या जुन्या सीलमधून गळतं आणि दाबही कमी दाखवतं. प्लग न लावताच सेल्फने दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेजने तपासा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आकडे ११० ते १३० पीएसआयच्या आसपास आले तर छान. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं त्याहून महत्त्वाचं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या भोकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदमच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट जळालंय. आणि लक्षात घ्या, बराच काळ उभ्या इंजिनाचं पहिलं कॉम्प्रेशन कमीच येतं, तासभर चालल्यावर बऱ्याचदा चढतं. त्या एका आकड्यावरून बोअरिंगला देऊ नका.

ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटर उघडा. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर नवे घाला, दोन्ही स्वस्त आहेत आणि जुने जपण्यात अर्थ नाही. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमीच्या आसपास, प्लगचा ०.६ मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरच्या बाजूचा. वायरी उलटसुलट लागल्या की कार्ब्युरेटरमधून भडका उडतो. पहिल्यांदा गाडी सुरू करताना अग्निशामक हाताशी हवाच. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा, गॅप थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने. थोडा टकटक आवाज राहिला तर चालेल. फार घट्ट टॅपेट शांत वाटतो, पण व्हॉल्व्ह जाळतो.

पेट्रोलची वाट

पहिल्या वेळी मूळ टाकीतलं पेट्रोल वापरू नका. जुनं पेट्रोल कुजून वार्निशसारखा चिकट थर होतो, वास आंबट येतो. लहान कॅनमधून ताजं पेट्रोल सरळ पंपाला द्या आणि इंजिन चालतंय का एवढंच बघा.

मग टाकी उतरवा. आत गंज असेल तर मूठभर नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालून हलवा, धुवा, फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजनाशक सोडा, पुन्हा धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. भोक असेल तर टाकी रेडिएटरवाल्याकडे डाग द्यायला न्या. रिकाम्या पेट्रोल टाकीवर गॅस वेल्डिंग कधीही करून घेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक असते, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

कार्ब्युरेटर उघडून जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. फ्लोटमध्ये (आतल्या पोकळ तरंगत्या भागात) पेट्रोल शिरलंय का ते कानाजवळ हलवून ऐका. पंपाच्या पडद्याला चीर गेली की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर इंजिन लगेच बंद करा.

आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडतात, फुगतात आणि आतून सुटून जेट अडवतात. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, पंपाचा पडदाही तसाच. टाकी आणि पंपाच्या मधे पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे गंज येतोय का ते दिसतं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. तासभर चालवून प्लग पांढरे फटक दिसले तर मेन जेट एक नंबर वरचा घाला. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, अर्धी नको.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून सुरूच होत नाही, हा पद्मिनीचा जुना आजार. इंजिनाच्या उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांत सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब.

पाणी

रेडिएटर उलटं धुवून घ्या, म्हणजे खालून पाणी सोडून वरून काढा. पाणी तांबडं येत राहिलं तर वरची टाकी उघडून सळई मारून घ्यावी लागते. सगळे होज, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट नवे. नळाचं पाणी भरू नका. ॲल्युमिनियम हेड आणि बिडाचा ब्लॉक एकत्र असले की साध्या पाण्यात हेड कुरतडलं जातं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहते’ हा सल्ला ऐकू नका, इंजिन सतत थंड राहिलं की ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साठतं.

ब्रेक: इथे काटकसर नाही

गाडी सुरू झाली की एक चक्कर मारायचा मोह होतो. ब्रेक पूर्ण होईपर्यंत गेटबाहेर काढू नका.

जुन्या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट आहे. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीत ते सिलिंडरच्या तळाशी बसून बारीक खड्डे पाडतं. नुसतं वॉशर किट बदललं तर नवा वॉशर त्या खड्ड्यांवर घासून महिन्या-दोन महिन्यांत फाटतो. नख फिरवून बघा. खड्डा नखाला लागला तर सिलिंडरच नवा घाला. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज एकदमच बदला. होज बाहेरून चांगला दिसतो पण आतून फुगून बंद होतो, मग पाय काढला तरी चाक ब्रेकमध्येच राहतं. लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर नव्या करून मिळतात.

ड्रम लेथवर फिरवून घ्या, पण किती कातला ते विचारा. पातळ ड्रम उतारावर तापून फाकतो. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवून घ्या, नाहीतर फक्त मधला भाग टेकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. सिस्टिममध्ये डॉट ३ ब्रेक ऑइलच. इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर सगळे रबर फुगतात.

हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, आणि निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. मधे ब्रेक ऑइलची डबी रिकामी झाली तर पहिल्यापासून. शेवटी पेडल दाबून पाच मिनिटं धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. हँडब्रेकची तार आणि तिच्या नळ्या ग्रीस करा, आरटीओत तोही बघतात.

स्टिअरिंग, टायर, गिअर

पुढची चाकं किंगपिनवर, म्हणजे उभ्या जाड खिळींवर, वळतात. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. ठक् ठक् आवाज आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. तरीही आवाज आला तर किंगपिन आणि बुश गेले, आवाज थांबला तर व्हील बेअरिंग. किंगपिन बदलताना बुश रीमर मारून बसवणारा माणूस पाहा, ठोकून बसवलेले बुश चारच दिवसांत ढिले होतात. सगळे ग्रीस निपल शोधा, अनेक मातीखाली गाडलेले असतात, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.

टायर कितीही जाड दिसले तरी बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचे टायर टाकून द्या. स्टेपनीही.

स्टिअरिंगवरचा गिअर पडत नसेल तर गिअरबॉक्स उतरवू नका. दहात आठ वेळा दांड्यांचे बुश झिजलेले असतात, ते किरकोळ किमतीत मिळतात. गिअरबॉक्समध्ये साधं ९० नंबरचं ऑइल आणि डिफरन्शियलमध्ये ईपी ९०. अदलाबदल केली तर गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास होतो. क्लच सुटत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असण्याची शक्यता जास्त. इंजिन गरम करून, गाडी स्टँडवर असताना तिसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून ब्रेकचे झटके दिले की बऱ्याचदा सुटते.

वायरिंग

जुन्या वायरी वाकवून बघा. आवरण तडकत असेल तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करून घ्या, तुकडे जोडत बसू नका. पद्मिनीत वायरी थोड्याच असतात. हेडलाइट आणि हॉर्नला रिले घाला, म्हणजे चाळीस वर्षांच्या स्विचवर भार येत नाही आणि दिवे जास्त उजळतात. अर्धे ‘सेल्फ खराब’ निदान खरं तर अर्थिंगचं असतं: बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्या काढून घासून लावा. जुन्या मॉडेलला डायनॅमो आहे, तो आयडलला चार्ज करत नाही. शहरात चालवायची असेल तर अल्टरनेटर बसवणं योग्य.

सुटे भाग आणि कारागीर

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. बोअरिंग, क्रँक घासणं, लेथचं कोणतंही काम असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा नाही. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचं काश्मीरी गेट, चेन्नईचं पुदुपेट. जुना भाग नमुना म्हणून सोबत न्या, तोंडी नावावर घेतलेला भाग निम्म्या वेळा बसत नाही. रबरी वस्तू जुन्या साठ्यातल्या घेऊ नका, डबा सीलबंद असला तरी रबराचं वय झालेलं असतं. दिवे, काचेची चौकट, बंपर, बिल्ले मात्र मूळचेच शोधा, नक्कल लगेच ओळखू येते.

पत्रा आणि रंग

सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड झाला पाहिजे. गंजावर पत्र्याचं ठिगळ आणि वर पुट्टी, हे काम दोन पावसाळे टिकतं. वेल्डिंगला सुरुवात करण्यापूर्वी दारं बंद होतात का ते बघा आणि ती लावलेल्याच अवस्थेत सिल कापायला सांगा, दारं काढून दोन्ही सिल कापल्या तर बॉडी मधे बसते. पुट्टी चढण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो मागा, चांगला डेंटर आनंदाने देतो. सिलच्या आत गंजरोधक मेण फवारून घ्या आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं रंगाने बुजली नाहीत ना ते काडी घालून बघा.

पहिले हजार किलोमीटर

पीयूसी काढा, भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. कार्ब्युरेटर नीट जुळलेला असेल तर पद्मिनी त्यात बसते. निदान थर्ड पार्टी विमा आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पुरी झाल्यावरच रस्त्यावर या.

पहिले पन्नास किलोमीटर घराभोवतीच. प्रत्येक फेरीनंतर चाकांचे नट, ब्रेक ऑइलची डबी, गाडीखालची जमीन बघा. ड्रमना हात लावून बघा. एकच तापलेला असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. दोनशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आतला गाळ तेवढ्यात सुटून येतो. हेड उतरवलं असेल तर याच वेळी, थंड इंजिनावर, मधून बाहेर या क्रमाने बोल्ट पुन्हा कसा आणि टॅपेट तपासा. पाचशेला ब्रेक ॲडजस्ट करा, सगळं ग्रीसिंग करा. घाट हजार किलोमीटरनंतर.

डिकीत कायम ठेवायचं सामान: पॉइंट आणि कंडेन्सरचा एक संच, कॉइल, फॅन बेल्ट, वरचा रेडिएटर होज आणि दोन क्लिपा, फ्यूज, वायरचा तुकडा, पाच लिटर पाणी, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, अग्निशामक आणि पंपावर घालायला एक जाड सुती फडकं.